दोन डाव्या गाद्या

अमेरिकेत मेरीलँडला आल्यावर मला शिडाच्या होडीचं वेड लागलं आणि ॲनापोलिसजवळ एक जुनी कॅटालिना २७ मिळाली. हे मॉडेल १९७१ साली आलं, आमची होडी १९७९ची. विकणारा अभिमानाने म्हणाला, "आतल्या गाद्या ओरिजनल आहेत." ओरिजनल म्हणजे आजवर कोणी धुतलेल्या नाहीत, हे मला नंतर कळलं.

पावसाळ्यात गोणपाटावर रात्रभर मांजर झोपून गेलं की जो वास येतो, तो त्यांना येत होता. बायको एकच रात्र होडीवर झोपली. तेव्हापासून 'शिड' हा शब्द काढला की ती नाक धरते.

तेवढ्यात चिपळूणहून आई आली. गाद्या पाहून म्हणाली, "ऊन दे त्यांना." मी विज्ञान सांगितलं: खाडीचं पाणी मचूळ, फोममधलं पाणी सुकतं पण मीठ आतच राहतं, आणि ते हवेतली ओल पुन्हा ओढून घेतं. "बरणीतल्या खड्या मिठाला पाणी सुटतं तसंच ना?" आईने माझ्या विज्ञानाची एका वाक्यात वासलात लावली आणि सगळ्या गाद्या आमच्या बाल्कनीच्या कठड्यावर वाळत घातल्या. तिसऱ्या दिवशी सोसायटीचं पत्र आलं. गाद्यांनी ऊन खाल्लं, मी बोलणी खाल्ली. वास होता तिथेच होता.

नव्या गाद्या शिवून देणाऱ्याने जो आकडा सांगितला, त्यात अजून थोडे घातले तर दुसरी होडी आली असती. म्हटलं, आपणच करू. गादीत असतं काय?

काय असतं ते सांगतो. होडीत काटकोन नावाची वस्तू नसते. नाळेकडच्या, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाकडच्या, बिछान्याच्या दोन गाद्या म्हणजे पायाशी निमुळते होत गेलेले दोन तुकडे. त्यात होडीची भिंत वर पसरट आणि खाली आवळत गेलेली, म्हणून गादीची कडही तिरपी कापावी लागते. वरची बाजू रुंद, खालची अरुंद. फोमची तऱ्हा आणखी वेगळी. बंद छिद्रांचा फोम पाणी पीत नाही, पण त्यावर झोपणं म्हणजे पाटावर झोपणं. झोपण्याजोगा फोम घ्यावा तर तो पाणी बघितलं की घटाघटा पितो.

"सावरीचा कापूस भर," आई म्हणाली. "आपल्या उशा त्याच्याच होत्या." टणटण तार वाजवत येणारा पिंजारी अमेरिकेत कुठून आणू, म्हणून मी हसलो. धक्क्यावरच्या शेजारच्या होडीतल्या आजोबांना ही गंमत सांगितली, तर ते हसलेच नाहीत. म्हणाले, आमच्या लहानपणी होडीच्या उशांत केपॉकच असायचा, तो तरंगतो, लाइफ जॅकेटांतही तोच भरत. केपॉक म्हणजे सावरीचा चुलतभाऊ. आईला मराठीत सांगताना हा भाग मी गाळणार होतो, पण आईने आजोबांची मान हललेली पाहिली होती.

शेवटी चार इंची फोमच आणला. तो कापायला विजेवर चालणारी, टर्की कापायची सुरी उत्तम, असं कळलं. आमच्या घरात टर्की कधी शिजली नाही, सुरी मात्र आली. खाकी कागदावर डाव्या गादीचा साचा काढला, कड तिरपी धरून कापलं. झकास! त्याच उत्साहात तोच कागद तसाच ठेवून दुसरी गादी कापली. कागद उलटा करायचा असतो, हे सुरी थांबल्यावर आठवलं.

"दोन्ही चपला डाव्याच आणल्यास की रे," आई म्हणाली.

मी दुसरी गादी उलथी करून पाहिली. आकार बसला, पण आता रुंद बाजू खाली गेली. ती भिंतीला अडून मधोमध अशी फुगली, की वर झोपणारा घसरत थेट बायकोच्या अंगावर. बायकोने हा प्रयोग करू दिला नाही.

अभ्रा घालणं राहिलंच. तो फोमपेक्षा किंचित लहान शिवायचा, म्हणजे गादी ताठ बसते. पण मग ती आत शिरणार कशी? फोम पातळ प्लास्टिकच्या पिशवीत घालायचा, व्हॅक्यूम क्लीनरने हवा ओढायची आणि पापडाएवढा झाला की पटकन अभ्र्यात सारायचा. आई फोमवर बसली, मी नळी धरली, बायकोने चेन ओढली. डावी गादी पहिल्याच फटक्यात आत गेली. आई मात्र चटकन उठू शकली नाही, तिच्या पदराचं टोकही चेनमध्ये गेलं होतं.

दुसरी डावी गादी आता हॉलमध्ये असते. तिची तिरपी कड आईच्या कमरेला नेमकी बसते. लोडाला टेकावं तशी टेकून ती मालिका बघते. उजव्या गादीसाठी नवा फोम आलाय. साच्यावर मी ठळक अक्षरांत लिहून ठेवलंय, 'ही बाजू वर'. त्याखाली आईच्या अक्षरात आहे, 'मला विचारून.'