टी-बोन वॉकर म्हणजे फक्त 'स्टॉर्मी मंडे'? अजिबात नाही

ब्लूज, म्हणजे काळ्या अमेरिकन लोकांचं गाणं, ऐकणाऱ्यांमधे एक मत सारखं फिरत असतं, परवा परत ते मला दोघातिघांनी पाठवलं. म्हणे टी-बोन वॉकर या अमेरिकन ब्लूज गायक-गिटारवादकाचं एकच गाणं, 'स्टॉर्मी मंडे', तेही मुळात त्याचं नाही, बाकी सगळं बारा बारचं (ब्लूजचं बारा मापांचं ठरलेलं आवर्तन) तेच ते दळण, डोक्यामागे गिटार धरून वाजवणं रॉक गिटारवादक जिमी हेंड्रिक्सनं आणलं, इलेक्ट्रिक गिटारची खरी सुरुवात रॉक अँड रोलवाल्या चक बेरीपासून, त्यामुळे वॉकरचा सहा सीडींचा सेट घेणं म्हणजे पैसे पाण्यात. हा सेट मोझेक कंपनीने १९९० मधे काढला, त्यात १९४० ते १९५४ चं रेकॉर्डिंग आहे, आणि मी तो क्रमाने इतक्या वेळा ऐकलाय की गप्प बसवत नाही.

आधी ते 'त्याचं नाही' वालं घेऊ. १९४२ मधे अर्ल हाइन्सच्या ऑर्केस्ट्राने 'स्टॉर्मी मंडे ब्लूज' नावाची रेकॉर्ड केली, बिली एक्स्टाइन गायला, बरोबर. पण ते गाणंच वेगळं आहे, शब्द वेगळे, चाल वेगळी. वॉकरच्या गाण्याचं नाव 'कॉल इट स्टॉर्मी मंडे', रेकॉर्डिंग सप्टेंबर १९४७, लॉस एंजेलिस. पुढे बॉबी ब्लँडने वॉकरचं गाणं गायलं, पण रेकॉर्डवर नाव छापलं त्या जुन्या गाण्याचं, आणि श्रेय भलत्यांच्या खात्यात गेलं, रॉयल्टीसकट. आता तोच घोळ वॉकरच्या विरोधात पुरावा म्हणून पुढे करतात, याचा मला फार राग येतो.

हेंड्रिक्सचं एका वाक्यात संपतं: तो जन्मला १९४२ मधे, आणि तो लहान होता तेव्हाच वॉकर स्टेजवर गिटार डोक्यामागे धरून पाय फाकवत खाली बसत होता. तसं तर मिसिसिपी डेल्टातला ब्लूजवाला चार्ली पॅटन असले खेळ त्याच्याही आधी करायचा, म्हणजे हा मान वॉकरलाही एकट्याला देता येत नाही. आणि चक बेरीची स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड 'मेबेलीन', १९५५. म्हणजे हा अख्खा सेट जिथे संपतो त्याच्या पुढच्या वर्षी बेरी सुरू होतो! बेरी स्वतः वॉकरचं नाव घ्यायचा, ब्लूज गिटारवादक बी. बी. किंगही घ्यायचा, मग आपण कशाला उलटं सांगायचं?

आता 'सगळं सारखंच'. तीनताल सोळा मात्रांचाच असतो म्हणून सगळे तबलजी सारखे वाजवतात का? बारा बार हा साचा आहे, आत काय भरलंय ते ऐकायचं. सेटची सुरुवात १९४० च्या 'टी-बोन ब्लूज'ने होते, लेस हाइटच्या ऑर्केस्ट्रासोबत, आणि गंमत म्हणजे त्यात वॉकर फक्त गातोय, गिटार फ्रँक पॅसलीची आहे. मग जुलै १९४२, कॅपिटल कंपनी, पियानोवर फ्रेडी स्लॅक, 'आय गॉट अ ब्रेक बेबी', इथे तो तोंड उघडायच्या आधीच त्याची गिटार बोलायला लागते, सॅक्सोफोनवाला वाजवेल तशी एकेक सुराची ओळ, मधे श्वासापुरती जागा सोडून. त्यानंतर १ ऑगस्टपासून वादकांच्या युनियनने रेकॉर्डिंगच बंद केलं. १९४८ ला परत तशीच बंदी येणार म्हणून १९४७ च्या शेवटी ब्लॅक अँड व्हाइट कंपनीसाठी त्याने गाण्यांचा सपाटा लावला, त्यातलंच एक 'स्टॉर्मी मंडे'. ते नीट ऐका, ओळ संपली की गिटारचा कॉर्ड (एकत्र वाजवलेले सूर) दोन फ्रेट (गिटारच्या मानेवरच्या पट्ट्या) वरून घसरत खाली येतो, लॉइड ग्लेनचा पियानो आणि टेडी बकनरचा ट्रम्पेट त्याला जागा देतात, कोणालाच घाई नाही. १९५० पासूनची इम्पीरियल कंपनीची पन्नासेक गाणी त्याहून भरदार, ब्रास (ट्रम्पेटसारखी पितळी वाद्यं) जास्त, गिटारचा आवाज जाड. हा प्रवास हिट गाण्यांच्या एका सीडीवर कळतच नाही, कारण तिथे सगळं मागेपुढे टाकलेलं असतं.

एक मात्र मान्य करतो. याला 'संपूर्ण कारकीर्द' म्हणणारेही चुकतात. १९२९ मधे 'ओक क्लिफ टी-बोन' नावाने कोलंबियासाठी केलेली पोरवयातली रेकॉर्ड यात नाही, अटलांटिक कंपनीची १९५५ पासूनची गाणी नाहीत, जॅझ गिटारवादक बार्नी केसेलसोबतची गिटारची जुगलबंदी नाही. शिवाय एकाच गाण्याचे दोनदोन टेक (परत परत केलेली रेकॉर्डिंग) लागोपाठ येतात, नवख्याला कंटाळा येईल हे खरंय.

आणि पैशाचं म्हणाल तर मोझेकचा सेट लिमिटेड होता, आता सेकंडहँड शोधावा लागतो. नसेल जमत तर कॅपिटल आणि ब्लॅक अँड व्हाइटचा तीन सीडींचा सेट वेगळा निघालाय, इम्पीरियलचा दोन सीडींचा वेगळा. तेही नको असेल तर आज रात्री फक्त १९४० चं 'टी-बोन ब्लूज' आणि लगेच १९४२ चं 'आय गॉट अ ब्रेक बेबी' लावा, हेडफोन घालून, आणि मग मला ते दळणवालं वाक्य परत पाठवा.