पायलटचं डोकं कोन तपासते जी?

"ज्याचं डोकं एकदा बिघडलं त्याले विमान देऊच नये. खतम!"

पटले भाऊंनी चर्चा सुरू व्हायच्या आधीच निकाल देऊन टाकला. त्यांची ही जुनी सवय. कामठा रोडवरच्या आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी पाच-सहा जण जमतो, आणि धानाच्या बोनसपासून अमेरिकेच्या निवडणुकीपर्यंत प्रत्येक विषयात पहिला निकाल पटले भाऊंचा असतो. मग तो मोडून काढायला बाकीच्यांना अंधार पडेपर्यंत वेळ.

विमानाचा विषय आमच्याकडे परका नाही. गोंदियाजवळच्या बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी दुसऱ्या महायुद्धात बांधली. आता तिथं पायलट घडवणारी संस्था आहे, पोट्टे-पोट्टी दिवसभर छोटी विमानं घेऊन घिरट्या घालतात. बांधीत रोवणी करणाऱ्या बायासुद्धा आता मान वर करत नाहीत. पण त्या दिवशीचं निमित्त दुर्गेशच्या मोबाइलवरची रील. 12 जून 2025 ला अहमदाबादला पडलेल्या विमानाबद्दल कुणी एक जण मागं भयाण संगीत लावून छातीठोकपणे सांगत होता, की पायलटची मनःस्थिती ठीक नव्हती, त्यानंच केलं.

मी म्हटलं, बंद कर ते. 260 माणसं गेली त्यात. प्राथमिक अहवालात आहे ते इतकंच, की उड्डाण घेताच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतरानं 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'ला (बंद) गेले, एक पायलट दुसऱ्याला विचारतो की बंद का केलंस, दुसरा म्हणतो मी नाही केलं. कोणता आवाज कोणाचा तेही त्यात लिहिलेलं नाही. कोणाच्या मनाबद्दल तर अक्षर नाही. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टानं त्या कॅप्टनच्या नव्वदी ओलांडलेल्या वडिलांना सांगितलं की हा बोजा मनावर घेऊ नका. आणि हा रीलवाला घरी बसून निदान करून राहिला!

"मंग स्विच आपोआप गेला का, मास्तर?" दुर्गेश.

"ते तपासणारे सांगतील. तू पोरा रेल्वेच्या असिस्टंट लोको पायलटचा अभ्यास कर."

"अहमदाबादचं राहू द्या," पटले भाऊ म्हणाले. "जर्मनीवाला तं खरा होता ना? त्यानं तं जानूनबुजून नेऊन आपटलं."

तो खराच होता. 24 मार्च 2015. जर्मनविंग्जचं विमान बार्सिलोनाहून ड्युसेलडॉर्फला निघालं, आत 150 जण. कॅप्टन बाथरूमला म्हणून बाहेर गेले, को-पायलटनं दार आतून लावून घेतलं आणि विमान फ्रान्समध्ये आल्प्सच्या डोंगरावर उतरवत नेलं. कोणी वाचलं नाही.

"तेच म्हनतो मी. डॉक्टरनं तपासलं असतं तं?"

"तपासलंच होतं, पटले भाऊ." हे उके. आरोग्य केंद्रात फार्मासिस्ट आहेत, हळू बोलतात, पण माहिती पक्की असते. "त्याले 2008 मध्ये ट्रेनिंग चालू असतानाच डिप्रेशन आलं होतं. ट्रेनिंग थांबवली, उपचार घेतला, बरा झाला, परत आला. मेडिकल सर्टिफिकेटवर तसा शेरा होता. म्हंजे सरकारले माहीत, कंपनीले माहीत. पुढं 2014 च्या शेवटी पुन्हा त्रास सुरू झाला. तो डॉक्टरांकडे गेला. त्यांनी कामावर जाऊ नको म्हनून चिठ्ठी देल्ली. त्यानं ती चिठ्ठी कंपनीले दाखवलीच नाही. घरी फाडलेल्या चिठ्ठ्या सापडल्या."

"अन् डॉक्टर चूप?"

"तिथं रोग्याची गोष्ट बाहेर सांगितली तं डॉक्टरवर केस होऊ शकते. अन् कवा सांगाची मुभा हाय, ते नियमात धड लिहिलेलं नव्हतं."

पटले भाऊंना हे फारच सोयीचं झालं. "बस! म्हनूनच म्हनतो. शेरा पडला की कायमचं घरी. परत घ्यायचाच कायले?"

इथपर्यंत मेश्राम काका नुसता चहा ओतून पीत होते. रेल्वेत लोको पायलट, म्हणजे इंजिन ड्रायव्हर म्हणून निवृत्त झाले, गोंदिया-नागपूर-बिलासपूर अशी आयुष्यभर गाडी चालवली. बशी खाली ठेवून म्हणाले, "पटले, तुम्ही कायमचं घरी बसवान, तं पुढचा कोनी तुम्हाले सांगनच नाही. त्या जर्मनीवाल्यावर कर्ज होतं, हे तुम्हाले माहीत आहे का?"

होतं. फ्रान्सच्या तपास संस्थेनं ते अहवालातच लिहिलंय. प्रशिक्षणासाठी त्यानं सुमारे 41,000 युरो कर्ज काढलं होतं. नोकरी गेली तर उत्पन्न भरून देणारा विमा काढायला गेला, तर सर्टिफिकेटवरच्या त्या शेऱ्यामुळं अडचण येते, असं त्यानं डिसेंबर 2014 मध्ये एका ईमेलमध्ये लिहिलं होतं. यातून त्याच्या कृत्याला माफी मिळत नाही. 149 निरपराध माणसं त्यानं मारली, आणि डिप्रेशन असलेली लाखो माणसं तसलं काही करत नाहीत, हेही तिथंच बोलून घेतलं. पण अहवाल वाचताना मला तो कर्जाचा भागच जास्त टोचला. सावकाराचा हप्ता डोक्यावर असलेला माणूस कोणती चिठ्ठी फाडतो, हे आमच्या जिल्ह्यात समजावून सांगावं लागत नाही.

"रेल्वेत आमची पीएमई, म्हंजे ठरल्या मुदतीची मेडिकल तपासनी व्हायची," मेश्राम काका सांगू लागले. "पंचेचाळीसपर्यंत चार वर्षांनी, मंग दोन वर्षांनी, पंचावन्ननंतर दरसाल. आमची कॅटेगरी ए-वन, म्हंजे समद्यात कडक. नापास झाला की इंजिनवर पाय ठेवता येत नाही. पन नोकरी जात नाही, समजलं का? मेडिकल डीकॅटेगराइज करते, दुसरं काम देते, पगार सांभाळते. कायदाच हाय तसा."

मग त्यांनी त्यांच्या एका सोबत्याची गोष्ट सांगितली. रुळावर माणूस आला. ब्रेक मारला तरी भरलेली गाडी काय जागेवर थांबते? त्यानंतर त्याला झोप लागेना, सिग्नल हिरवा असला तरी हात थरथरायचा. त्यानं स्वतःच जाऊन डॉक्टरला सांगितलं. इंजिनवरून उतरवून लॉबीत, म्हणजे ड्रायव्हर हजेरी देतात त्या ऑफिसात, ड्यूटी लावणाऱ्या टेबलावर बसवलं. तिथून निवृत्त झाला, पोरीचं लग्न केलं.

"त्यानं काहून सांगितलं? लय इमानदार होता म्हनून नाही. सांगूनही चूल पेटनार होती, म्हनून सांगितलं. पायलटचं तसं नाही. त्याचा मेडिकलचा कागद गेला की पगार गेला."

याला पटले भाऊंकडं लगेच उत्तर नव्हतं. म्हणून ते आडवे गेले. "मंग समदेच म्हनतीन मले उदास वाटून रायलं, अन् घरी बसून पगार घेतीन. अहमदाबादनंतर चार दिवसांनी 112 पायलट एकाच दिवशी सिकवर गेले. विमान खात्याचे राज्यमंत्री, आपले मोहोळ लोकसभेत बोलले. सगळे बीमार होते का?"

"51 कॅप्टन अन् 61 फर्स्ट ऑफिसर," दुर्गेशनं मोबाइलवरून भर घातली.

"त्यांच्यासंगं जेवनारे दोघं अन् केबिनमधले दहा पोट्टे-पोट्टी जळून गेले होते, पटले," मेश्राम काका म्हणाले. "मी तं म्हनतो, बाकीचे कसे गेले ड्यूटीवर?"

माझं मत विचाराल तर ते 112 जण त्या दिवशी जमिनीवर राहिले हे प्रवाशांच्या भल्याचंच झालं. पण पटले भाऊंचा मुद्दा अगदीच टाकाऊ नाही. सिकचा गैरफायदा घेणारे प्रत्येक खात्यात असतात. मी शिक्षक आहे, मला माहीत आहे.

उकेंनी दुसरीकडून धरलं. 2015 मध्ये हार्वर्डच्या संशोधकांनी नाव न विचारता जगभरच्या पायलटांकडून प्रश्नावली भरून घेतली. 1,848 जणांनी नैराश्याचे प्रश्न भरले, त्यातले 12.6 टक्के नैराश्याच्या निकषात बसले. आणि 2022 मध्ये अमेरिकेतल्या पायलटांची अशीच एक पाहणी छापून आली. त्यात 56.1 टक्क्यांनी कबूल केलं की कागद जाईल या भीतीनं आपण कधी ना कधी डॉक्टरकडं जाणं टाळलं, किंवा खरं सांगितलं नाही.

"हे नाव न विचारता," उके म्हणाले. "आता आपल्याकडची मेडिकल पाहा. क्लास वनवाल्याले, म्हंजे पगारी पायलटले, दर 12 महिन्यांनी, साठीनंतर दर 6 महिन्यांनी. रक्त तपासते, ईसीजी काढते, कान पाहते, डोळे पाहते. तिथं खोटं बोलता येत नाही. अन् मनाचं? झोप लागते का? लागते. काही टेन्शन? नाही सर. झालं. मनाचा एक्स-रे निघत नाही, पटले भाऊ. तो सांगन तेवढंच कळन."

"मंग गोळ्या खानाऱ्याले उडू द्याचं?"

"अमेरिका देते. 2010 पासून. सुरुवातीले नैराश्याच्या चार गोळ्या ठरवून देल्या, फ्लुऑक्सेटिन, सर्ट्रालिन, सिटालोप्राम, एसिटालोप्राम. यातल्या दोन-तीन तं माझ्याच कपाटात आहेत. गोळी चालू झाल्यावर काही महिने जमिनीवर राहाचं, तब्येत स्थिर झाली हे दाखवाचं, तपासण्या द्याच्या, मंग उडाचं. ऑस्ट्रेलियानं तं त्याच्याही आधी देल्लं. तिथं 1993 ते 2004 च्या नोंदी तपासल्या. गोळी घेनाऱ्या अन् न घेनाऱ्या पायलटच्या अपघातांत मोजन्यासारखा फरक नाही निघाला."

पटले भाऊ गप्प. मग म्हणाले, "टेन्शन तरी कायचं असते त्यांले? एसीत बसाचं, बटन दाबाचं." यावर मेश्राम काका इतके तापले की त्यांनी रात्रपाळीवर एक प्रवचनच दिलं. ते सगळं इथं देत नाही. सार इतकंच, की पायलटच्या आठवड्याच्या सुट्टीचे तास 36 वरून 48 करायला आणि रात्रीची लँडिंग 6 वरून 2 वर आणायला इतकी वर्षं लागली. शेवटी नियम पूर्ण लागू झाला, तर 2025 च्या डिसेंबरात पायलट पुरेनात म्हणून हजारो उड्डाणं रद्द झाली, आणि नियमालाच ढील द्यावी लागली.

बिसेन इतका वेळ एक शब्द बोलला नव्हता. त्याचा भाचा पायलटचं शिकतोय, हे आम्हाला माहीत होतं. बहिणीनं वावर गहाण टाकलंय, हेही.

"त्याची मेडिकल पुढच्या महिन्यात आहे," बिसेन म्हणाला. "बहीण सांगत होती, पोट्टा रात्रभर जागा रायते. जेवत नाही. संगतचा एक जन सोडून गेला तेव्हापासून. तिनं म्हटलं चल डॉक्टरकडं, तं म्हनते, आई, कागदावर एक शब्द चढला तं समदं गेलं. उके भाऊ, काय सांगू मी तिले?"

उके काही क्षण थांबले. मग म्हणाले, 14416 वर फोन करायला सांग. टेलिमानस, फुकट आहे, मराठीतही बोलतात. उडायचं तर सध्या थांबवच म्हणावं. आणि डॉक्टरकडं जाच. दोन महिने लवकर गेलं तर नुसती झोप आणि बोलणं यावर निभावतं. लपवून दोन वर्षं काढली तर मग खरंच अनफिट. अमेरिकेत नॉर्थ डकोटाच्या विद्यापीठात 2021 मध्ये एकोणीस वर्षांचा शिकाऊ पायलट असाच कागदाच्या भीतीनं मदत न मागता गेला. त्याचे आईवडील आता कायदा बदलावा म्हणून फिरतात. हे उकेंनी बिसेनकडं न बघता, रस्त्याकडं बघत सांगितलं.

"अन् गावात बोभाटा?" बिसेन.

याचं उत्तर कोणाकडंच नव्हतं. नागपूरच्या मेंटलला गेला म्हटलं की आमच्याकडं जमलेलं लग्न मोडतं. शेतकऱ्यांसाठी सरकारनं प्रेरणा प्रकल्प काढला, समुपदेशक नेमले, तरी आशाताई घरी विचारायला आली की माणूस म्हणतो, मी मस्त आहे, आधी बोनस कवा येते ते सांगा. पायलट तरी आकाशातून पडलेला थोडीच आहे? याच घरातून गेलेला.

मी म्हटलं, युरोपनं त्या अपघातानंतर एक बरं केलं. फेब्रुवारी 2021 पासून प्रत्येक विमान कंपनीला पायलटांसाठी सोबत्यांचा आधारगट ठेवणं सक्तीचं केलं. म्हणजे त्रास होत असेल तर आधी साहेबाकडं नाही, आपल्यासारख्याच, शिकवून तयार केलेल्या पायलटकडं जायचं. विमान वाहतुकीवर देखरेख ठेवणाऱ्या आपल्या डीजीसीएनंही 2023 च्या फेब्रुवारीत परिपत्रक काढून असे गट करा म्हणून सांगितलं.

"सांगितलं," मेश्राम काका म्हणाले. "अन् तो सोबती कंपनीचाच मानूस. पगार कंपनीचा, प्रमोशन कंपनीचं. त्याच्यापुढं कोन बोलन? आमच्या लॉबीत इन्स्पेक्टरपुढं कोनी बोलत होतं का? आधी पगाराची हमी द्या. अनफिट झाला तं वर्षभर पगार, परत फिट झाला तं त्याच जागेवर. अन् विमा असा, की मनाच्या बीमारीलेही चालन. मंग पाहा कसे बोलते."

"अन् त्याचे पैसे कोन देईन?" पटले भाऊंनी शेवटी मुद्द्याला हात घातला.

"तिकिटावर लावा."

"तिकीट आधीच महाग आहे!"

"तुम्हाले कसं माहीत?" दुर्गेशनं विचारलं.

पटले भाऊ गेल्या वर्षी बिरसीवरूनच विमानानं तिरुपतीला जाऊन आले होते. येताना वाऱ्यानं विमान हललं तेव्हा त्यांनी अर्धा तास गोविंदा-गोविंदा म्हटलं होतं, हे वहिनींनी सगळ्या गावाला सांगितलेलं. ते आता कोणी तरी काढणार, हे त्यांनीही ओळखलं.

"बरं, पन्नास रुपये लावा," ते उठता उठता म्हणाले. "शंभर नाही."

बिसेन फोन कानाला लावून रस्त्याच्या पलीकडं गेला होता.