पायावर पाय, म्हणजे क्रुसेड?

परवा आईला केंब्रिजच्या ट्रम्पिंग्टनमधल्या चर्चमध्ये नेलं. तेराव्या शतकातल्या सर रॉजर या सरदाराची आकृती कोरलेल्या, त्याच्या समाधीवरच्या पितळी पत्र्यापाशी पोचतो न पोचतो तोच तिने फोन काढला आणि भिशीच्या ग्रुपवरचा फॉरवर्ड वाचायला घेतला. समाधीवरच्या सरदाराचे पाय एकमेकांवर असले की तो क्रुसेडला, म्हणजे ख्रिस्ती धर्मयुद्धाला, गेलेला. घोट्यापाशी असले तर एकदा, गुडघ्यापाशी दोनदा, मांडीपाशी तीनदा! शिवाय चर्चचं उत्तरेचं दार सैतानासाठी आणि वाकडा गाभारा म्हणजे क्रुसावरच्या येशूची कललेली मान.

पुतळ्यातल्या घोड्याचे किती पाय वर, त्यावरून स्वार कसा मेला ते सांगणाऱ्या फॉरवर्डचंच हे भावंड.

क्रुसेडला सर्वांत जास्त सरदार गेले फ्रान्समधून. मग तिथल्या समाध्यांवर पाय सरळ का? ही ढब जवळजवळ फक्त इंग्लंड आणि आसपासची. बर्कशायरमधल्या ऑल्डवर्थच्या चर्चमध्ये एकाच घराण्याचे नऊ दगडी पुतळे आहेत, चौदाव्या शतकाच्या पूर्वार्धातले. त्यातही पायावर पाय आहेत. क्रुसेडवाल्यांचं तिकडचं शेवटचं मोठं ठाणं, एकर शहर, तर 1291 मध्येच पडलं होतं. मग ही मंडळी तीन-तीनदा गेली कुठे? ऑलिव्हर हॅरिस यांनी 2010 मध्ये ‘अँटिक्वेरीज जर्नल’मध्ये या समजुतीचा माग काढलाय. ती मध्ययुगातली नाहीच, नंतरच्या हौशी इतिहासप्रेमींची आहे. तेव्हाच्या कारागिरांना ही ऐटबाज ढब आवडली, बाकी काही नाही.

आता आईची बाजू. सर रॉजर 1270 मध्ये राजपुत्र एडवर्डबरोबर खरंच क्रुसेडला गेला होता आणि त्याचे पाय खरंच एकमेकांवर आहेत. बरं, मान्य. पण तो वारला 1289 मध्ये, आणि हा पत्रा त्यानंतर काही दशकांनी घडवला असं अनेक अभ्यासक मानतात.

उत्तरेचं दार मिरवणुकीसाठी असायचं. सोळाव्या शतकातल्या ख्रिस्ती धर्मसुधारणेनंतर मिरवणुका थांबल्या, गार वारा मात्र येतच राहिला, म्हणून पुष्कळ दारं बुजवली. उत्तरेची बाजू अशुभ मानत, एवढं खरं. गाभारा वाकडा, कारण तो सभागृहाच्या आधी-नंतर, वेगळ्या काळात बांधलेला. शिवाय कुठे तो डावीकडे झुकतो, कुठे उजवीकडे. येशूची मान दोन्हीकडे कशी कलेल?

आईने ऐकून घेतलं. मग पत्र्यावर वाकून म्हणाली, “ते राहू दे, हा पायाशी कुत्रा बघ, तलवारीचं म्यान चावतोय!”