फिट होता म्हणूनच घेतला होता ना?

आज मामाचं अपंगत्व पेन्शनचं अपील फेटाळल्याचं पत्र आलं. इंग्रजीत असल्यामुळे मामीने मला बोलावलं आणि मी वाचून दाखवलं. एवढं मोठं पत्र, पण त्यात कामाचं वाक्य एकच, आजार पीस एरियात, म्हणजे सीमेपासून लांब शांत ठिकाणी पोस्टिंग असताना सुरू झाला, सबब लष्करी सेवेशी त्याचा संबंध नाही आणि सेवेमुळे तो वाढलेलाही नाही. मामा म्हणाला, "जाऊ दे गं पोरी, कुठं भांडत बसायचं," आणि गोठ्यात निघून गेला. तेव्हापासून डोकं फिरलंय माझं, म्हणून इथे लिहितेय, लांबलं तर लांबू दे.

मामा मराठा लाइट इन्फन्ट्रीत हवालदार होता. त्याच्या भरतीची गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना पाठ आहे. पळणं झालं, बीम झाले, मग डॉक्टरने डोळे, कान, दात, छाती, गुडघे, पायाचे तळवे, काही म्हणजे काही सोडलं नाही. त्याच्यासोबत आमच्याच गावातला एक मुलगा होता, मामापेक्षा जोरात पळणारा, त्याला तळवे सपाट म्हणून तिथूनच घरी पाठवलं. मामाला फिट लिहिलं. म्हणजे त्या दिवशी त्याच्या अंगात खोट नव्हती हे सरकारच्याच डॉक्टरने लिहून दिलंय. मग 24 वर्षांनी तोच माणूस बीपी आणि हृदयाचा पेशंट होऊन बाहेर पडतो, मेडिकल बोर्ड 30 टक्के अपंगत्व लिहितं, ते कायमचं आहे असंही लिहितं, आणि पुढच्याच रकान्यात लिहितं की याच्याशी आमचा संबंध नाही. मग कोणाचा संबंध? मामीचा?

आणि हे पीस एरिया प्रकरण तर माझ्या डोक्यातच जात नाही. काश्मीरमधलं कुपवाडा केलं, सियाचीन ग्लेशियर केला, रात्र रात्र बंकरमध्ये काढली, आणि बीपी मोजायला निवांत वेळ मिळाला तो पीसला आल्यावर. सापडला तिथे म्हणजे सुरू तिथेच झाला का?

हा काही मामाच्या भाचीने काढलेला कायदा नाही. सुप्रीम कोर्टाने 2013 मध्येच धरमवीर सिंग यांच्या केसमध्ये स्पष्ट सांगितलंय की भरतीच्या वेळी कागदावर आजाराची नोंद नसेल तर माणूस धडधाकट होता असंच धरायचं, नंतर आजार झाला तर तो नोकरीमुळे नाही हे सिद्ध करायची जबाबदारी सरकारची, जवानाची नाही. आणि बोर्डाने नाही म्हणायचं असेल तर कारण लिहायचं. नुसता छापील शेरा म्हणजे कारण नव्हे. पुढे 2014 मध्ये राम अवतार यांच्या केसमध्ये टक्केवारी वर धरण्याचा फायदा पूर्ण नोकरी करून रिटायर झालेल्यांनाही मिळाला, म्हणजे तिसाचे पन्नास धरायचे. पूर्ण 100 टक्के अपंगत्वाला शेवटच्या पगाराच्या 30 टक्के मिळतात, त्या हिशेबाने मामाचे 15 टक्के होतात. एवढ्यासाठी पहिलं अपील, दुसरं अपील, मग ट्रिब्युनल, म्हणजे सैन्यदलाच्या केसेसचं वेगळं कोर्ट, आणि तिथे जिंकलात तरी सरकार वरच्या कोर्टात जाणार!

हो, रिटायरमेंटच्या तोंडावर पेन्शनसाठी अचानक आजार सापडणारे साहेब लोकही असतील, नाही म्हणत नाही. त्यांना शोधा, पकडा. त्यासाठी हवालदाराचं अपील का फेटाळता?

बायकांचे हाल तर विचारू नका. जवान गेला तर मृत्यू कुठल्या खान्यात घालायचा यावर सगळं ठरतं. साधी फॅमिली पेन्शन पगाराच्या 30 टक्के, मृत्यू सेवेमुळे झाला असं मानलं तर 60, आणि लढाईत किंवा लष्करी कारवाईत गेला असं मानून लिबरलाइज्ड मिळाली तर पूर्ण पगाराइतकी. जम्मू काश्मीरमध्ये भयंकर थंडीत गस्त घालताना 2013 साली एक जवान गेला. त्याच्या पत्नीला ट्रिब्युनलने 2019 मध्ये लिबरलाइज्ड पेन्शन दिली, तरी सरकार सुप्रीम कोर्टात गेलं. कोर्टाने डिसेंबर 2024 मध्ये ते अपील फेटाळलं आणि वर सरकारलाच 50 हजारांचा दंड लावला, या बाईला इथवर ओढायलाच नको होतं म्हणून. अकरा वर्षं हो! पोरं मोठी झाली असतील तेवढ्यात. 26 जानेवारीला स्टेटस ठेवणारे आपण सगळे, हे वाचून लाज वाटते की नाही?

मला सगळ्यात जास्त चीड कशाची येते सांगू? प्रत्येक निकाल फक्त त्या एका माणसापुरता राहतो. जो भांडला त्याला मिळालं, त्याच्याच पलटणीतल्या, त्याच आजाराच्या दुसऱ्याला परत पहिल्यापासून सगळं. मग मामासारखे "जाऊ दे" म्हणतात आणि त्या जाऊ देण्यावर सरकारचे पैसे वाचतात. सपाट तळव्यांचा तो मुलगा आज साठीला आला तरी शेतात राबतो, आणि ज्याला फिट म्हणून उचलला त्याला दोन जिने चढले की धाप लागते. भरतीच्या दिवशीचा तो एक कागद काढून समोर ठेवा आणि द्या निकाल, दुसरं काय लागतं?

मामाशी संध्याकाळी परत बोलले. आधी ऐकेना, मग मामीच म्हणाली की तुमच्यामागं मला कोण विचारणार, तेव्हा गप्प झाला आणि ट्रंकेतून डिस्चार्ज बुक काढून दिलं. दुसरं अपील टाकतोय, तिथेही नाही म्हणाले तर मुंबईच्या ट्रिब्युनलमध्ये जाणार.

तुमच्या घरात, गावात कोणी असं पत्र घडी करून ठेवून दिलं असेल तर कृपा करून बाहेर काढा. मेडिकल बोर्डाच्या सगळ्या कागदांची कॉपी मागून घ्या, आणि वाट बघू नका, कारण उशिरा केस टाकलेल्या बऱ्याच जणांना थकबाकी मागच्या तीनच वर्षांची मिळालीय, त्याआधीची गेली. आणि मुंबई बेंचला अपंगत्व पेन्शनच्या केसेस चालवणारे, जवानाशी नीट बोलणारे वकील कोणाला माहीत असतील तर नंबर इनबॉक्स करा, कमेंटमध्ये नको.