हात हलवा की ओ!

सत्तावीस हजार चारशे रुपये मोजून आणि पाच आठवडे वाट बघून परत आलेलं घड्याळ परवा सोमवारी सकाळी बघतो तर सव्वातीनला थांबलेलं. सर्व्हिसिंगच्या बिलाचा हप्ता मात्र चालू होता.

घड्याळ स्विस, ऑटोमॅटिक. पन्नाशीला मेव्हण्यानं दुबईहून आणलेलं. सेल नको, रोज चावी द्यायला नको. आत अर्धचंद्रासारखी एक जड चकती असते. हात हलला की ती फिरते, ती फिरली की स्प्रिंग गुंडाळते. सहा वर्षांनी ते मागं पडायला लागलं, म्हणून कंपनीच्या सेंटरला फोन लावला. कन्नडसाठी एक दाबा, इंग्रजीसाठी दोन, हिंदीसाठी तीन. मराठीसाठी काय दाबायचं हे आम्हा बेळगावकरांना १९५६ पासून कुणी सांगितलेलं नाही, तिथं घड्याळाची कंपनी काय सांगणार! माझा पिनकोड ५९० नं सुरू होतो, म्हणजे कर्नाटकातला. त्यामुळं साडेतीनशे किलोमीटरवरचं पुणं सोडून घड्याळ पाचशे किलोमीटरवरच्या बेंगळुरूला गेलं.

येताना सोबत कागद आला. जुनं तेल वाळलेलं, नवं घातलं. रबरी रिंगा बदलल्या. पाण्याच्या दाबाची चाचणी पास. दिवसाला चार सेकंद पुढं. पूर्ण चावी भरली की ३८ तास चालेल. आणि तरी सव्वातीन! परत फोन केला. पलीकडची मुलगी गोड आवाजात म्हणाली, "सर, आपकी लाइफस्टाइल क्या है?"

सत्तावीस हजार घेऊन वर हा प्रश्न. मी घरी बसून लोकांचे जीएसटीचे रिटर्न भरतो. उजवा हात माऊसवर, डावा गालाखाली. ही लाइफस्टाइल हिंदीत कशी सांगायची ते सुचेना. फोन ठेवला आणि खडेबाजार गाठला.

तिथं एका बोळाच्या तोंडाशी माझ्या वडिलांच्या वेळेपासूनचं घड्याळाचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक काचेचं कपाट आणि त्यामागं डोळ्याला भिंग लावलेला माणूस. त्यानं घड्याळ कानाशी धरलं, हलवलं, परत कानाशी धरलं.

"मशीन बेस हाय. तासाला अठ्ठावीस हजार आठशे ठोके मारतंय."

"मग थांबतं का?"

याचं उत्तर त्यानं द्यायचं होतं. पण बाजूच्या स्टुलावर शहापूरचे एक मामा बसले होते. डोक्यावर पांढरी टोपी, मांडीवर पिशवी, पिशवीत कुंद्याचा पुडा. ते त्यांच्या चावीच्या एचएमटीला पट्टा घालायला आले होते आणि पट्टा घालून झाल्यावरही उठले नव्हते.

"दिवसभर काय करता ओ तुमी?"

"अकाउंटचं काम."

"म्हंजे बसून."

"बसूनच असतं ते."

"हात हलत न्हाई मग." मामा कारागिराकडं वळले. "घड्याळाला कशाला बोल लावता? मानूसच बंद हाय."

बोळात चहाचे ग्लास घेऊन निघालेला पोरगा थांबला. पट्टे बघणाऱ्या दोन बायका माझ्याकडं बघायला लागल्या. मी काही म्हणायच्या आत मामांनी माझं घड्याळ उचलून आपल्या डाव्या मनगटात चढवलं आणि स्टुलावर नीट मांड ठोकली.

"ह्यो बगा. उजव्या हातानं दोरी वडायची, धोटा पलीकडं. डाव्या हातानं फणी ठोकायची. वडायची, ठोकायची. चाळीस वर्सं क्येलंय ह्ये." आणि त्यांनी खडेबाजारात, भर दुपारी, हवेतल्या हवेत साडी विणायला घेतली. पदर, काठ सगळं. त्यांच्या प्रत्येक ठोक्याला घड्याळातली चकती भर्र फिरलेली मला ऐकू येत होती. माझ्या मनगटावर सहा वर्षांत तिनं असला आवाज काढला नव्हता.

"मामा, पुरे की," कारागीर कळवळला. "धक्क्यानं बॅलन्स मोडल."

"न्हाईतर असं करा," मामा विणता विणताच म्हणाले, "मालकिणीच्या हातात द्या. भाकऱ्या थापू देत. जन्मात थांबायचं न्हाई."

बायका हसल्या. त्यातली एक म्हणाली, "आनी ह्ये काय घालणार?"

"माझं देतो की ह्यास्नी. चावीचं हाय. बसल्या बसल्या चालतंय."

मला राग आला तो या विनोदाचा नाही. पाच आठवड्यांत, भिंगं आणि मशिनं लावून बसलेल्या एकाही शहाण्यानं हा साधा प्रश्न आधी का विचारला नाही? बिल करण्यापूर्वी लाइफस्टाइल विचारायची होती! तेल वाळलं असेल, नाही म्हणत नाही मी. पण घड्याळाच्या पोटात काय झालंय ते कागदावर तीनदा लिहिलं, आणि ते ज्याच्या हातावर आहे तो दिवसभर हलतो का, ते एकदाही नाही.

कारागिरानं मामांच्या हातातून घड्याळ सोडवलं, बाजूची चावी तीसेक वेळा फिरवली, वेळ लावली आणि माझ्या हातात ठेवलं. "आठवड्यातनं दोन-तीनदा असं करा. जास्त झाली तरी भिऊ नका, आत स्प्रिंग घसरतीय, तुटत न्हाई."

"किती झाले?"

"कशाचं? चावी दिल्याचं?"

"घे की कायतरी," मामा म्हणाले. "सत्तावीस हजार देनारा मानूस हाय."

शेवटी त्यानं घेतलेच नाहीत. दहा रुपये जरी घेतले असते तरी मला जरा बरं वाटलं असतं.

गणपत गल्लीतून परत येताना डावा हात जरा जास्तच हलत होता. समोरून येणारे ओळखीचे एक गृहस्थ रस्ता ओलांडून माझ्यापाशी आले.

"काय ओ, हाक मारलात?"

"नाही," म्हटलं, "चावी देतोय."