खुलासा: स्वस्त विमान कंपन्यांनी स्विसएअर बुडवली?

परवा मीच पुढे पाठवलेला मेसेज अजून फिरतोय: "स्वस्त तिकीटवाल्यांनी स्विसएअर, सबेना बुडवल्या, आता लुफ्तान्साची पाळी, ती सरकारी पैशावर तग धरून आहे." न तपासता पाठवला, चूक माझी.

स्वस्त कंपन्यांमुळे जुन्यांचा नफा घटला, हे खरंच. पण स्वित्झर्लंडच्या स्विसएअरला मुख्यतः तिचीच खरेदी भोवली. उधारीवर तिने इतर तोट्यातल्या कंपन्यांत हिस्से घेतले, बेल्जियमच्या सबेनात तर ४९.५ टक्के. त्यात ११ सप्टेंबरचा हल्ला झाला. २ ऑक्टोबर २००१ ला इंधनवाले रोख मागू लागले, तिजोरीत रोकड नव्हती, आणि विमानं जागच्या जागी उभी राहिली. पुढच्या महिन्यात सबेनाही गेली.

जर्मनीच्या लुफ्तान्साला २०२० मध्ये कोविडमुळे ९ अब्ज युरोंपर्यंतची मदत मंजूर झाली होती, रायनएअरसारख्या स्वस्त कंपनीमुळे नव्हे. जर्मन सरकारचे पैसे २०२१ मध्येच फेडले गेले आणि २०२२ मध्ये सरकारने आपले शेअरही विकले. स्विसएअरची वारस 'स्विस' आज लुफ्तान्साच्याच पदरी आहे, आणि इटलीच्या नव्या 'इटा'त लुफ्तान्साने ४१ टक्के हिस्सा घेतलाय. मरायला टेकलेली कंपनी अशी खरेदी करत नाही. (स्विसएअरनेही केली होती म्हणा, पण उधारीवर!)

शिवाय स्वस्तवालेही बुडतात. २०१७ मध्ये ब्रिटनची मोनार्क बंद पडली, तेव्हा परदेशात अडकलेल्या सुमारे १,१०,००० प्रवाशांना ब्रिटनला परत आणावं लागलं.

तो मेसेज कृपया पुढे पाठवू नका. ज्यांना पाठवलाय, त्यांना हा पाठवा.