वायरलेस माउस अडखळतो तेव्हा शेजारच्या पोर्टकडे बघा

नमस्कार. तुमचा आक्षेप मी असा समजलो: एक्स्टर्नल डिस्क जोडल्यावर वायरलेस माउस अडखळत असेल तर ‘रिसीव्हर (माउसचा सिग्नल घेणारा, यूएसबी पोर्टात खोचायचा छोटा तुकडा) दुसरीकडे लावा’ हा माझा सल्ला म्हणजे अंधश्रद्धा आहे. सेल बदला नाहीतर माउस बदला, पोर्ट सगळे सारखेच. आणि माउस जुन्या यूएसबी २.० पोर्टला लावायला सांगणं म्हणजे लोकांना मागे नेणं.

सेल उतरला की माउस अडखळतो, हे खरंच. पण मग तो डिस्क काढल्यावरही अडखळेल. मी ज्या तक्रारीबद्दल लिहिलं, तिच्यात डिस्कवर फाइली कॉपी होत असतानाच कर्सर अडतो आणि डिस्क काढली की सुरळीत होतो. सेलला डिस्क जोडली की काढली, हे कळत नाही.

अशी डिस्क ज्या वेगवान यूएसबी ३.० पोर्टाला जोडतात, त्यात डेटा सेकंदाला ५ गिगाबिट वेगाने जातो. त्या सिग्नलमधून बाहेर पडणारा रेडिओ गोंगाट २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यातही पसरतो आणि बहुतेक वायरलेस माउस नेमके तिथेच काम करतात, ब्लूटूथचेही. हा गोंगाट पोर्टातून निघतो, केबलमधून निघतो, डिस्कच्या खोक्यातूनही निघतो. शिल्डिंग, म्हणजे गोंगाट अडवणारं धातूचं आवरण, कच्चं असेल तर जास्तच. त्यात रिसीव्हर अगदी शेजारच्या पोर्टात असेल, तर माउसचा क्षीण सिग्नल त्याला ऐकू कसा येणार? इंटेलने २०१२ साली याची मोजमापं प्रसिद्ध केली आहेत. म्हणून ‘माउस बदला’ हा सल्ला मला पटत नाही. माणूस चांगला माउस टाकून नवा आणतो, त्याचा रिसीव्हर त्याच जागी खोचतो आणि तक्रार जिथल्या तिथे राहते.

यूएसबी २.० बद्दल. त्या पोर्टात स्वतःची अशी काही किमया नाही. उपयोग होतो तो अंतराचा. तो पोर्ट डिस्कला खेटून असेल तर फरक पडणार नाही. तेव्हा छोटी एक्स्टेन्शन केबल लावून रिसीव्हर माउसजवळ आणावा, हा सर्वांत खात्रीचा उपाय. पण माउसचं त्या पोर्टावर काही अडतही नाही. साध्या माउसला यूएसबीचा सर्वांत संथ वेग, सेकंदाला १.५ मेगाबिट, पुरून उरतो. अडतं ते डिस्कचं. यूएसबी २.० ची मर्यादा ४८० मेगाबिट (८ मेगाबिट म्हणजे १ मेगाबाइट), प्रत्यक्षात हाती येतात सेकंदाला ३५-४० मेगाबाइट. फिरणारी साधी हार्ड डिस्कसुद्धा १०० च्या पुढे जाते. ५०० जीबीचा बॅकअप दीड तासाच्या आत व्हायचा, तो पावणेचार तासांवर जातो. वेगवान पोर्ट डिस्कसाठी मोकळा ठेवावा, एवढंच माझं म्हणणं होतं आणि आजही आहे.

पडताळा सोपा आहे. मोठी फाइल डिस्कवर कॉपी करायला लावा, रिसीव्हर आधी डिस्कशेजारी ठेवा, मग केबलने हातभर लांब न्या. वायरचा माउसही तेव्हाच अडखळला, तर मात्र रेडिओचा संबंध नाही; कॉपी करताना संगणकच अडकतोय, आणि शोध तिथे घ्यावा लागेल.